मेटल क्लेचा दागिना हातात आला की काय पाहावं?

मेटल क्लेचा दागिना पहिल्यांदा पाहणाऱ्याचे दोन प्रश्न ठरलेले असतात. ‘हे मातीचं आहे?’ आणि नाही म्हटलं की, ‘मग वरून चांदीचं पाणी दिलंय का?’ दोन्हींचं उत्तर नाही. भट्टीतून निघालेला तुकडा आरपार धातूचा असतो. माती त्यात कधी नव्हतीच. होती ती धातूची अगदी बारीक पूड, पाणी आणि ती पूड धरून ठेवणारा सेंद्रिय चिकटा. भाजताना पाणी उडून जातं, चिकटा जळून जातो आणि पुडीचे कण एकमेकांना घट्ट जुळतात.

पाहणाऱ्याची पंचाईत इथूनच सुरू होते. हा दागिना ठोकून घडवलेला नसतो, मुशीतून ओतलेलाही नसतो. त्यामुळे सोनारकाम पाहायला सरावलेली नजर इथे अर्धीच उपयोगी पडते. लखलखाट, गुळगुळीतपणा, जोडीतल्या दोन्ही कानातल्यांचं तंतोतंत सारखं असणं, एवढेच निकष लावले तर चांगलं काम नजरेतून निसटतं आणि सुमार काम डोळ्यांत भरतं. इथे पाहायचं ते वेगळंच: तुकड्यावरची प्रत्येक खूण तो कोणत्या अवस्थेत असताना उमटली. ते ओळखता यायला लागलं की बाकीचं फार अवघड नाही.

१. आधी तीन अवस्था डोक्यात बसवा

हा पदार्थ मूळचा जपानमधला. मित्सुबिशी मटेरियल्स या कंपनीत मासाकी मोरिकावा यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चांदीची मेटल क्ले विकसित केली. आयदा केमिकल इंडस्ट्रीज या दुसऱ्या जपानी कंपनीने ‘आर्ट क्ले’ आणली. ब्राँझची क्ले पुष्कळ नंतरची. अमेरिकेतल्या बिल स्ट्रूव्ह यांनी ती २००८ मध्ये बाजारात आणली. म्हणजे सगळा मिळून तीन-साडेतीन दशकांचा मामला आहे, आणि ‘अस्सल पद्धत हीच’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांपासून थोडं सावध राहिलेलं बरं.

पहिली अवस्था ओली. तेव्हा क्ले लाटता येते, कापता येते, तिच्यावर ठसा उमटवता येतो. जाडी सगळीकडे सारखी यावी म्हणून दोन्ही बाजूंना पत्त्यांच्या थप्प्या किंवा पट्ट्या ठेवून मध्ये लाटतात. क्ले हवेवर भराभर सुकते, त्यामुळे या टप्प्यावर हात चटकन चालावा लागतो.

दुसरी अवस्था सुकलेली. तुकडा आता बिस्किटासारखा ठिसूळ असतो. कानस, सँडपेपर, कोरणी, बारीक ड्रिल यांचं काम इथे चालतं. दोन भाग जोडायचे तर पाणी घालून सरसरीत केलेली क्ले सांध्याला लावतात. माझ्या मते कारागिराची खरी परीक्षा याच टप्प्यावर होते. धातू झाल्यावर जे घासायला तास लागतो ते इथे मिनिटांत होतं, आणि तरीही कितीतरी जण ते उद्यावर ढकलतात. त्याचा परिणाम पुढे कडांवर दिसतो.

तिसरी अवस्था धातूची. चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. क्ले त्याहून कमी तापमानाला भाजतात. काही प्रकार ६५० अंशांच्या आसपासही भाजून होतात, पण तुकडा पुरेसा मजबूत व्हावा म्हणून अनेक कारागीर भट्टी ९०० अंशांपर्यंत नेऊन तिथे दोन तास ठेवतात. कण वितळत नाहीत, एकमेकांना टेकले असतील तिथे जुळत जातात. याला सिंटरिंग म्हणतात. मधल्या फटी भरत आल्या की तुकडा आकसतो: हल्लीच्या चांदीच्या क्लेमध्ये साधारण ८ ते १२ टक्के, सुरुवातीच्या प्रकारात तर जवळजवळ ३० टक्के. आकसताना ठशातली रेघही त्याच प्रमाणात लहान होते. मेटल क्लेमधलं नक्षीकाम हातात आवरणार नाही इतकं बारीक दिसतं, त्यामागचं निम्मं गुपित हेच.

२. कशाचा आहे ते विचारा

‘चांदीचा’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. मूळच्या चांदीच्या क्लेतून निघतो तो ९९९ शुद्धतेचा धातू, म्हणजे जवळपास निव्वळ चांदी. दागिन्यांमध्ये सर्रास वापरतात त्या ९२५ च्या स्टर्लिंग चांदीत उरलेला हिस्सा मुख्यतः तांब्याचा असतो. तांब्यामुळे कडकपणा येतो आणि काळवंडणंही लवकर येतं. ९९९ ची चांदी मऊ असते, पण सावकाश काळी पडते. या दोन्हींच्या मधली ९६० ची क्लेही आता वापरात आहे. तिचा तुकडा ९९९ पेक्षा कणखर होतो.

तांबं आणि ब्राँझ यांची तऱ्हा वेगळी. उघड्या भट्टीत भाजले तर हवेतला ऑक्सिजन त्यांना खातो. म्हणून स्टीलच्या डब्यात कोळशाच्या दाण्यांत, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बनमध्ये, पुरून ते भाजतात. कोळशाच्या संपर्कामुळे कधी कधी पृष्ठभागावर निळे, जांभळे, तांबूस रंग उमटून येतात. हे रंग कारागिराने मुद्दाम राखलेले असू शकतात आणि ते टिकतीलच असं नाही. घेण्याआधी विचारून घ्या. ब्राँझने किंवा तांब्याने काहींच्या त्वचेवर हिरवट डाग पडतो. त्यात धातूचा दोष नाही, घाम आणि तांबं एकत्र आले की होतंच.

३. लगेच उलटा करा

समोरची बाजू दाखवण्यासाठीच केलेली असते. मागची बाजू आणि कडा खरं बोलतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करूनही बरंच कळतं.

कडेपासून सुरुवात करा. नखाने कडेवरून एक फेरी मारा. सुकलेल्या अवस्थेत नीट घासलेली कड किंचित गोलावलेली, एकसंध लागते आणि कुठेही बोचत नाही. ओल्या क्लेवर पातं फिरवून तशीच सोडून दिलेली कड मात्र एका बाजूला वर ओढलेली असते, जणू बारीक ओठ फुटलाय. ही खूण एकदा ओळखता आली की पुन्हा चुकत नाही. धातू झाल्यावर कानशीने सरळ केलेली कड तिसऱ्याच प्रकारची: चकचकीत, समांतर चरे असलेली, आणि बहुतेक वेळा शेजारच्या पृष्ठभागाशी न जुळणारी.

मग पाठ. ती अगदी सपाट आणि कोरी असेल तर त्यात वाईट काही नाही, पण पाठीवरही पोत दिलेला असेल तर समजा की करणाऱ्याने तुकडा दोन्ही बाजूंनी विचारात घेतलाय. पाठीवर फुगवटा दिसला तर आत हवेचा बुडबुडा अडकला होता. पेंडंट टेबलावर उपडं ठेवा. सपाट असायला हवं ते डुगडुगलं तर सुकताना किंवा भट्टीत ते वाकलंय. मुद्दाम दिलेला बाक आणि नकळत आलेला बाक यांत फरक सहज कळतो: मुद्दाम दिलेला बाक आकाराशी बोलतो, दुसरा कुठल्या तरी एकाच कोपऱ्यात असतो.

जोड शोधा. दोन भाग जिथे भेटतात तिथे इंग्रजी व्ही-सारखी बारीक खाच दिसली तर सांध्यात क्ले पुरेशी भरलेली नाही. पेंडंटची साखळी ओवायची नळी, कानातल्याची मागची दांडी, अंगठीच्या पट्टीची दोन टोकं, या तीन जागी ताण येतो आणि याच तीन जागी घाई झालेली असते. मात्र प्रत्येक बारीक रेघ ही तडा नसते. ठशातली रेघ नक्षीच्या ओघात जाते. तडा नक्षीला छेदून, वेडावाकडा, बहुधा कडेपासून आत शिरतो.

बोटाचा ठसा उमटलेला दिसला तर? नवखे त्याला ढिसाळपणा समजतात. काही कारागीर तो पुसतात, काही मुद्दाम ठेवतात. समोरच्या गुळगुळीत भागावर एकटाच पडलेला ठसा बहुतेक वेळा राहून गेलेला असतो. पाठीवर, सहीच्या शेजारी असेल तर तो ठेवलेला असतो. मला दुसरा प्रकार आवडतो.

४. पोत: पानाचं पेंडंट घेऊन पाहू

मेटल क्लेची सगळ्यांत ओळखीची वस्तू म्हणजे चांदीचं पान. ते निदान तीन तऱ्हांनी होतं आणि तिन्हींचं मोल सारखं नाही.

पहिल्या तऱ्हेत खरं पान घेऊन त्याच्या शिरा वर आलेल्या बाजूला सरसरीत क्लेचे थरावर थर ब्रशने देतात. प्रत्येक थर सुकू द्यायचा, मग पुढचा. डझनभर थरही लागू शकतात. भट्टीत पान जळून जातं आणि त्याचा आकार चांदीत मागे राहतो. अशा तुकड्यात पानाकडच्या बाजूला शिरा खोलगट दिसतात, कारण पानावर त्या उठून आलेल्या होत्या. दुसऱ्या बाजूला ब्रशच्या फटकाऱ्यांमुळे आलेला किंचित लाटदार पोत असतो. पानाची मूळची वळणं, कडेचा दुमडलेला भाग, देठाशी आलेला बाक, सगळं तसंच टिकतं. जाडी सगळीकडे नेमकी सारखी नसते.

दुसऱ्या तऱ्हेत क्ले लाटून तिच्यावर पान दाबतात आणि त्याच्या कडेने कापतात. इथेही शिरा खोलगट, पण जाडी एकसारखी आणि कड पात्याने कापलेली. काम कमी, मजबुती जास्त.

तिसऱ्या तऱ्हेत आधी पानाचा साचा घेतात आणि साच्यात क्ले दाबतात. शिरा वर उठून आलेल्या दिसल्या की बहुतेक साच्याचं काम आहे असं समजा. साच्यामुळे एकाच पानाची कितीही पिल्लं निघतात. त्यात गैर काही नाही. फक्त ‘एकमेव’ म्हणून विकलं जात असेल तर खटकावं. साच्याचा एक गमतीदार पुरावाही मिळतो. भाजून तयार झालेल्या तुकड्यावरून कुणी पुन्हा साचा घेतला तर पुढची प्रत दरवेळी दहाएक टक्क्यांनी लहान होत जाते. दोन सारखी पानं शेजारी ठेवून एक दुसऱ्याची आखडलेली नक्कल वाटली, तर काय झालंय ते कळून येईल.

हीच नजर इतर पोतांवर वापरा. लेस, झाडाची साल, रबरी ठसे, जुनी बटणं, कशाचाही ठसा घेता येतो. तयार बाजारातल्या ठशाच्या पट्ट्याही पुष्कळ मिळतात आणि दोन वेगवेगळ्या कारागिरांच्या कामात एकच नक्षी दिसली तर बहुधा पट्टी एकच असते. पाहायचं ते असं की नक्षी आकाराशी कशी बसवली आहे. कडेला येऊन नक्षीचं फूल अर्धवट कापलं गेलंय की तिथे ती आपोआप विरते? ठसा सगळीकडे सारख्या खोलीचा आहे की एका बाजूला दाब कमी पडलाय? ठशाचा वापर कुणीही करेल, त्याची जागा ठरवणं जमायला वेळ लागतो.

५. रंग आणि ओप

भट्टीतून निघालेली चांदी पांढरीफटक असते. पाहणाऱ्याला वाटतं वर काहीतरी चढलंय. तसं नसतं, पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असल्याने प्रकाश विखुरतो, एवढंच. पितळी किंवा स्टीलच्या तारांच्या ब्रशने घासलं की तो थर दबतो आणि चांदीचा रंग वर येतो. खाचांमध्ये मुद्दाम राखलेला दुधी पांढरेपणा सुंदर दिसतो. एखाद्याच कोपऱ्यात राहिलेला असेल तर ब्रश तिथे पोचला नाही.

आरशासारखा ओप असेल तर तिरप्या उजेडात धरून पाहा. क्लेचा धातू किंचित सच्छिद्र असतो, म्हणून अशा ओपावर अगदी बारीक टिंबं दिसू शकतात. थोडी असणं स्वाभाविक. दाटीने असतील तर भाजणी कमी पडली असण्याची शंका घ्यावी. सुंदर आरसा हवाच असेल तर ओतलेल्या किंवा पत्र्याच्या चांदीत तो सोपा पडतो. क्लेकडून तो हट्टाने मागण्यात फारसा अर्थ नाही.

ऑक्सिडाइज्ड काळेपणा आणि त्यावर निळसर, गुलाबी, सोनेरी झाक दिसते ती बहुधा लिव्हर ऑफ सल्फर या गंधकाच्या संयुगाची करामत. द्रावणात किती वेळ ठेवलं त्यावर रंग ठरतो. काळा करून उंचवटे पुन्हा उजळले की नक्षी उठून दिसते. काळेपणा नक्षीला मदत करतोय की घासकामातले दोष झाकतोय, हे पाहायला तुकडा उन्हाकडे धरा.

चांदीवर सोन्याचे ठिगळ दिसले तर ते बहुधा कुम-बू असेल. ही कोरियन पद्धत. शुद्ध सोन्याचा अतिपातळ पत्रा तापलेल्या चांदीवर ठेवून अकीकाच्या ओपणीने दाबला की तो तिला कायमचा जुळतो, गोंद नाही की झाळ नाही. यासाठी पृष्ठभाग शुद्ध चांदीचा लागतो, म्हणून क्लेशी तिची जोडी चांगली जमते. पत्र्याच्या कडेवर नख फिरवा. कड कुठेही उचललेली नसावी.

६. खडे, सांधे, वजन

क्लेमध्ये खडा बसवूनच भट्टीत टाकता येतो, पण सगळे खडे ती आच सोसत नाहीत. प्रयोगशाळेत बनवलेले क्युबिक झिर्कोनिया, माणिक, नीलम साधारणपणे टिकतात. मोती, पिरोजा, ओपल टिकत नाहीत. ते भाजणीनंतर कोंदणात बसवावे लागतात. म्हणून मोती चांदीत थेट रुतलेला दिसला तर तो डकवलाय की खुंटीवर बसवलाय ते विचारा. भाजलेल्या खड्याभोवती चांदी आकसून घट्ट बसते, आणि खड्याची सर्वांत रुंद कड धातूच्या किंचित खाली असायला हवी. ती वर असेल तर खडा कधीतरी हातात येईल.

भाजणीनंतर झाळून लावलेल्या कड्या नीट पाहा. सच्छिद्र चांदी झाळ शोषून घेते, त्यामुळे सांध्याभोवती कधी राखाडी डाग उरतो आणि जोडही कच्चा राहतो.

वजनाचा अंदाज घ्या. क्लेची चांदी तेवढ्याच आकाराच्या पत्र्याच्या चांदीपेक्षा जराशी हलकी भरते आणि वाकवल्यावर तिच्याइतका ताणही सोसत नाही. कारागीर आपली भाजणी तपासायला एक चाचणी पट्टी सोबत भाजतात आणि ती वाकवून पाहतात. नीट भाजलेली काटकोनापर्यंत वाकते, कच्ची मध्येच मोडते. तुम्ही दुसऱ्याचा दागिना वाकवून पाहू नका, पण ‘किती अंशांवर, किती वेळ भाजता?’ हे विचारायला हरकत नाही. ज्याला काम येतं तो आनंदाने सांगतो.

यावरूनच काय घ्यावं हेही ठरतं. पेंडंट, कानातले, ब्रोच, पोकळ मणी, छोट्या डब्या, भिंतीवरच्या लहान कलाकृती यांत मेटल क्ले खुलते. रोज वापरायची पातळ पट्टीची अंगठी किंवा सतत आपटणारं कडं घेताना जाडी आधी पाहा. पोकळ मण्याला भोक किंवा जाळी आहे का तेही पाहा. मणी पोकळ राहावा म्हणून आत घातलेला कॉर्क भट्टीत जळतो तेव्हा धूर बाहेर पडायला वाट लागतेच, आणि ती वाट नक्षीत लपवणं ही चांगल्या कामाची एक खूण आहे.

७. फोटोवरून ठरवायचं असेल तर

तीन फोटो मागा: पाठीचा, कडेचा आणि अंगावर किंवा हातावर धरलेला. मेटल क्लेचे तुकडे फोटोत जेवढे वाटतात त्याहून बरेच लहान निघतात, हा अनुभव जवळपास सगळ्यांचा. लांबी-रुंदीसोबत जाडीही मिलिमीटरमध्ये विचारा. अंगठी मापाने करून घेणार असाल तर थोडा फरक पडू शकतो हे आधीच मान्य करा, कारण कारागीर मोठी करतो ती आकसण्याचा हिशोब धरून, आणि भट्टी नेहमी त्याच्या हिशोबाने चालत नाही.

८. घरी आणल्यावर

क्लोरीनचं पाणी, परफ्यूम आणि रबर यांपासून दूर ठेवा. हवाबंद पिशवीत, प्रत्येक तुकडा वेगळा. साध्या ओपाच्या चांदीला मऊ कापड आणि सौम्य साबणाचं पाणी पुरे. चांदी उजळायच्या बुडवणीच्या द्रावणात ऑक्सिडाइज्ड तुकडा कधीच टाकू नका. काळेपणा क्षणात जातो आणि द्रावण बारीक छिद्रांत अडकून राहतं. काळेपणा गेलाच तर करणाऱ्याकडून पुन्हा देऊन घेता येतो. निळे-गुलाबी रंग असलेला तुकडा मात्र घासू नका, नुसता टिपून ठेवा.